शेंगाचटणीत दही की तेल?

सोलापुरात माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्यापुढे कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवावी. एक जण चटणीत खड्डा करून तेल ओततो. दुसरा दह्याची वाटी शोधतो. तिसरा चटणी कोरडीच चिमटीनं तोंडात टाकतो. चौथा भाकरीचा चुरा करून त्यावर आमटी ओततो आणि सगळं एकत्र कालवून मोकळा होतो. चौघं एकाच बाकावर बसून शिकलेले असतात, तरी तऱ्हा चार. मग ‘खरी पद्धत कुठली’ यावर जो वाद रंगतो, त्यात चौघांचे स्वभाव पुरते बाहेर येतात.

पु. ल. देशपांड्यांनी उभ्या महाराष्ट्राला विचारलं, मुंबईकर व्हायचंय, पुणेकर की नागपूरकर? त्या यादीत सोलापूरकर नाही. मला तर ते बरंच वाटतं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू एकाच दिवसात कानावर पडणाऱ्या गावाला एका साच्यात बसवायचं कसं? घरी आईशी कन्नड, शहराच्या पूर्व भागातल्या मित्राशी मोडकंतोडकं तेलुगू आणि कट्ट्यावर मराठी बोलणारी मुलं इथं जागोजागी भेटतात. त्यामुळे ‘सोलापूरकर असाच असतो’ म्हणण्यापेक्षा माझ्या मैत्रिणीला काय आवडतं आणि मला काय चालत नाही, हे ताडून पाहणं जास्त मजेचं. त्यात विज्ञानही भरपूर सापडतं.

तिखट ही चव नाहीच

गोड, आंबट, खारट, कडू या चवी. तिखट त्यांत बसत नाही, ती भाजल्याची जाणीव आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतं, त्याचं नाव टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं तो १९९७ मध्ये शोधला आणि २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हाच ग्राहक साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता मेंदूला कळवतो. सोलापूरचा मे महिना या आकड्याच्या आसपास घुटमळतो, म्हणजे भर उन्हाळ्यात झणझणीत चटणी खाणारा माणूस एकाच घंटेची दोन बटणं दाबत असतो.

आता दही की तेल या वादाकडे येऊ. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. त्यामुळे तोंड भाजल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं तरी जाळ तोंडभर पसरतो. दुधा-दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेतं. तिखट सोसत नसेल त्यानं दहीवाल्यांच्या बाजूनं जावं. तेलवाल्यांचीही बाजू लंगडी नाही. शेंगाचटणी उखळात कुटताना भाजलेल्या शेंगदाण्यांचं तेल सुटेपर्यंत कुटायची असते. लसूण, तिखट, जिरं, मीठ त्या तेलात मुरतं आणि चटणीचा गोळा वळतो. वरून तेल घेणारा तीच वाट पुढं नेतो. मिक्सरमध्ये भुरभुरीत झालेली चटणी खाऊन कुणी ‘सोलापुरी चटणी’वर मत देत असेल, तर त्याचं मत मी मोजणार नाही.

तिखट खाणारे धाडसी असतात, असं आपण उगाच म्हणत नाही. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बर्न्स आणि हेज यांनी २०१३ मध्ये हे तपासलं. नव्या, थरारक अनुभवांची ओढ असणाऱ्यांना तिखट जास्त आवडतं, असं त्यांना आढळलं. पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की धोका खरा नाही हे ठाऊक असताना शरीर घाबरतं, त्यातच माणसाला गंमत वाटते. गड्ड्याच्या जत्रेत आकाशपाळण्यावर ओरडणारी आणि मिरचीचा ठेचा मागून घेणारी मैत्रीण एकच निघाली, तर आश्चर्य नको. पक्ष्यांवर मात्र तिखटाचा काही परिणाम होत नाही, त्यांच्या ग्राहकाला कॅप्सेसिन जाणवतच नाही. पोपट मिरच्या खातो त्यात त्याचं शौर्य काही नाही.

“काय बे, कोथिंबीर का काढायलास?”

प्रत्येक कंपूत एक जण असतो, जो पोह्यांवरची कोथिंबीर एकेक पान वेचून ताटाच्या कडेला लावतो. त्याला चिडवू नका. काहींना कोथिंबिरीत साबणासारखा वास येतो आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ नावाच्या जनुकाच्या आसपासच्या फरकाशी जोडला गेला आहे. कोथिंबिरीतली अल्डिहाइड नावाची रसायनं साबणातही असतात, म्हणजे त्याचं नाक खोटं बोलत नाही. आपल्याकडे अशी माणसं कमी, कदाचित कोथिंबीर लहानपणापासून रोजच्या पानात असते म्हणून.

कडू चवीचंही असंच. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या हातून पीटीसी नावाची पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, काय कडू आहे हे! फॉक्सना काहीच लागेना. तिथून कळलं की काही कडू पदार्थ काहींनाच कडू लागतात. पुढं २००३ मध्ये त्यामागचं टीएएस२आर३८ हे जनुक सापडलं. म्हणून एकाच भाजीवरून दोन मित्र भांडतात, तेव्हा दोघांच्या जिभेवर खरोखर दोन वेगळ्या भाज्या असू शकतात.

एका वासाबद्दल मात्र आमच्या गावात दुमत सापडणं कठीण, तो म्हणजे पहिल्या पावसाचा. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी त्याला ‘पेट्रिकोर’ असं नाव दिलं. त्यात जिओस्मिन नावाचं मातीतल्या जिवाणूंनी बनवलेलं रसायन असतं, आणि माणसाचं नाक ते हवेत अब्जावधी कणांमागे अगदी नगण्य असलं तरी ओळखतं. जिथं पावसाची वाट पाहण्यातच निम्मा जून जातो, तिथं या वासाला नावं ठेवणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

पहाटेचा की मध्यरात्रीचा?

सिद्धेश्वर तलावाकाठी उजाडायच्या आत चालायला येणारे आणि रात्री पार्क चौपाटीवरून हलायला तयार नसणारे, या दोन जमाती एकमेकींना आळशी समजतात. माणूस पहाटेचा की रात्रीचा हे ओळखायला हॉर्न आणि ऑस्टबर्ग यांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची एक चाचणी तयार केली, ती आजही वापरतात. या सवयीत जनुकांचा वाटा आहे, वयाचाही. किशोरवयात शरीराचं घड्याळ खरोखरच मागं सरकतं. दहावीतल्या मुलाला पहाटे चारला उठवून अभ्यासाला बसवणाऱ्या आईबापांनी हे जरूर वाचावं. सोलापूरची जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. गिरण्यांच्या जमान्यात शहर भोंग्यावर उठायचं आणि पाळीवर झोपायचं. आपण पहाटेचे की रात्रीचे, हे विचारून घेण्याची चैन तेव्हा किती जणांना होती?

चार अक्षरांची भुरळ

आता कॉलेजच्या कट्ट्यावर नवी मुलगी आली, की नावानंतर लगेच ‘तुझा टाइप काय?’ विचारतात. चार अक्षरांचे सोळा स्वभाव. यामागं कार्ल युंग यांचं १९२१ चं पुस्तक आहे. त्यावरून ही चाचणी उभी केली कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी. दोघीही मानसशास्त्र शिकलेल्या नव्हत्या, इसाबेल यांनी तर त्याआधी रहस्यकादंबरी लिहून बक्षीस मिळवलं होतं. मला या मायलेकींची चिकाटी फार आवडते. चाचणी मात्र डळमळीत आहे. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर पुष्कळांची निदान एक-दोन अक्षरं बदलतात. कारण बहुतेक माणसं ना पुरती बोलघेवडी असतात, ना पुरती घुमी. ती मधेच कुठंतरी असतात आणि मधल्या माणसाला कुठल्यातरी एका टोकाला ढकलावं लागतं. संशोधक जास्त विश्वास ठेवतात तो पाच गुणांच्या मोजपट्टीवर. त्यात कप्पे नाहीत, कमी-जास्त आहे.

तरीही आपला टाइप वाचताना ‘अगदी मीच!’ असं का वाटतं? याचं उत्तर १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी वर्गातच दाखवलं. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्याभरानं प्रत्येकाला त्याचा म्हणून एक अहवाल दिला. तो किती अचूक आहे, याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग कळलं, सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता आणि त्यातली बरीचशी वाक्यं फूटपाथवर मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. चार मित्र जमले तर हा खेळ घरी करून पाहता येईल. चौघांना एकच चिठ्ठी द्या आणि चेहरे बघा.

जपानमध्ये हीच हौस रक्तगटावर भागवतात. १९२७ मध्ये ताकेजी फुरुकावा यांनी रक्तगट आणि स्वभाव यांची सांगड घातली. पुरावा टिकला नाही, पण ‘तुझा गट कुठला?’ हा प्रश्न तिथं अजून गप्पांत येतो. आपण तर फार आधी हा उद्योग केलाय. समर्थ रामदासांच्या दासबोधात दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं, सत्त्व-रज-तमाची लक्षणं आणि शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणं दिली आहेत. तो समास मित्रांनी एकत्र बसून वाचावा, कुणाला कुठलं लक्षण लागू पडतं यावर रात्र सरेल.

मार्क्सची स्लॅम बुक

दहावीच्या निरोप समारंभाच्या आसपास वर्गात स्लॅम बुका फिरू लागतात. आवडता रंग, आवडता पदार्थ, चीड कशाची येते, पहिली भेट कुठं झाली. चमकी असलेल्या पेनानं लिहिलेली ही पानं पुढं कपाटात पडून राहतात. या खेळाला मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात अशा वह्या लोकप्रिय होत्या. कार्ल मार्क्सच्या मुलींनी १८६५ मध्ये बापाकडून ती भरून घेतली. आवडता रंग लाल, हे अपेक्षितच. आवडता पदार्थ मासे. १८६८ मध्ये एंगेल्सनंही तशीच उत्तरं दिली आणि सुखाची व्याख्या म्हणून एका फ्रेंच दारूचं नाव सालासकट लिहिलं. दोघांची मैत्री जन्मभर टिकली, ताट मात्र दोघांचं वेगळं. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तनं पोरवयात मैत्रिणीच्या वहीत दिलेली उत्तरं २००३ मध्ये लिलावात गेली आणि एक लाख युरोंच्या वर किंमत आली. जुनी स्लॅम बुक रद्दीत देण्याआधी दोनदा विचार करा.

आगटीभोवती

पण स्वभाव ताडून पाहायला हुरड्यासारखी जागा नाही. डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसं दुधाळ असतात, तेव्हा शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात. कणसं निखाऱ्यात खुपसायची, भाजली की राख झटकायची आणि गरम असतानाच तळव्यांत चोळायची. इथं पाच मिनिटांत माणसं वेगळी होतात. एक जण धूर डोळ्यांत जात असताना आगटीजवळून हलत नाही. एक जण तळवे लाल होईपर्यंत चोळतो आणि पहिली मूठ दुसऱ्याच्या पानात टाकतो. एक जण कोंडा फुंकत फुंकत गप्पा हाणतो. एक जण फक्त खातो आणि गूळ कुठं आहे, शेंगाचटणी कुठं आहे, एवढंच विचारतो. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा मला हे खरं वाटतं, कारण इथं कुणी आपल्याबद्दल काही सांगत नसतं.

जमतं कुणाशी?

आवडीनिवडी जुळतात म्हणून मैत्री होते, की मैत्री होते म्हणून आवडी जुळतात? फेस्टिंजर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत केलेली पाहणी १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मैत्री सर्वांत जास्त लगतच्या दाराशी झालेली दिसली. जिना, पायवाट, टपालपेट्या अशा जागी जे वारंवार समोर येतात, ते मित्र होतात. सोलापूरच्या वाड्यांत आणि चाळींत राहिलेल्यांना हे संशोधनाशिवाय ठाऊक आहे.

आवडीइतकाच नावडीनंही माणूस जोडला जातो. जेनिफर बॉसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की तिसऱ्या कुणाबद्दलची नावड दोघांत सारखी निघाली तर अनोळखी माणसं पटकन जवळ येतात. माझं मत विचाराल तर तिसऱ्या माणसापेक्षा काही दिवसांआड येणारं नळाचं पाणी या कामाला चांगलं. त्यावर सोलापुरात कुठल्याही दोघांचं लगेच जमतं.

आणि आर्थर अ‍ॅरन यांचा १९९७ चा प्रयोग. अनोळखी जोड्यांना त्यांनी ३६ प्रश्न दिले. सुरुवात हलकी, मग एकेक पायरी खोल. पाऊण तासात जवळीक वाढली. आधीच मतं जुळणाऱ्यांच्या जोड्याही त्यांनी लावून पाहिल्या होत्या, त्यांच्यात काही वेगळं दिसलं नाही. मतं जुळोत न जुळोत, विचारणं आणि ऐकणं पुरेसं ठरलं.

येत्या रविवारी करून पाहायचं असेल तर सोलापूरच्या मैत्रिणींसाठी चार प्रश्न इथं देते. गड्ड्यावर गेल्यावर आधी पाळण्याची रांग धरतेस की खाण्याच्या गाड्याची? घरातली कुठली सोलापुरी चादर तू कधीच कुणाला देणार नाहीस? कुठली भाषा समजते, पण बोलायला लाज वाटते? आणि गेल्या वर्षभरात कुणाचा फोन तू वाजू दिलास, उचलला नाहीस?