आभासी फितीचा कारभार

आपण लिहिलेला प्रत्येक शब्द शेजारच्या यंत्रात फिरणाऱ्या चुंबकीय फितीवर उमटतो आहे, अशी ज्यांची पक्की समजूत आहे, असे असंख्य प्रोग्रॅम बँकांच्या व विमा-कंपन्यांच्या मेनफ्रेम संगणकांवर आजही अहोरात्र राबत असतात. आणि ती समजूत पुष्कळ ठिकाणी साफ खोटी असते.

ही फसवणूक मुद्दाम करावी लागली, त्याला कारण घडले. आयबीएमने 1952 साली 701 या संगणकासाठी 726 हे फीतयंत्र काढले, तेव्हा अर्धा इंच रुंदीच्या एका रिळावर वीस लाखांहून अधिक अंक मावत. 1984 सालच्या 3480 जातीच्या चौकोनी कार्ट्रिजवर 200 मेगाबाइट मावू लागले, आणि 1995 सालच्या 3590 वर तब्बल 10 गिगाबाइट. फितीची धारणशक्ती अशी वाढत गेली, परंतु प्रोग्रॅमांची रीत पालटली नाही: प्रत्येक काम स्वतःसाठी कोरी फीत मागे, तिच्या आरंभी आपला जिन्नस लिही आणि उरलेली फीत मुदत संपेपर्यंत अडवून ठेवी, पोत्याच्या तळाशी पसाभर ज्वारी घालून त्याचे तोंड शिवून टाकावे, तसलाच हा प्रकार. प्रोग्रॅम नव्याने लिहावेत, तर त्यांचे कर्ते केव्हाच निवृत्त झालेले.

तेव्हा प्रोग्रॅमला हात न लावता त्याच्या भोवतालचे जगच बदलण्याची तजवीज आयबीएमने 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात 'व्हर्च्युअल टेप सर्व्हर' काढून केली; स्टोरेजटेकनेही तोच मार्ग धरला, आणि पुढे निराळे यंत्र न घेता मेनफ्रेमच्याच डिस्कांवर हा कारभार चालवणारे निव्वळ सॉफ्टवेअरही मिळू लागले.

अमुक क्रमांकाच्या यंत्रावर अमुक सहा अक्षरी नावाची फीत चढवा, असा हुकूम कार्यप्रणाली सोडते. पूर्वी तो ऑपरेटरच्या पडद्यावर उमटे, मग ऑपरेटर मांडणीवर ती फीत हुडकी, आणि तोवर काम ताटकळत राही. आता सॉफ्टवेअर तो हुकूम मधल्यामध्ये झेलते, डिस्कवर त्या नावाची आभासी फीत उभी करते आणि ती चढल्याची वर्दी क्षणार्धात देते. कार्यप्रणाली खातरजमेसाठी फितीच्या शिरोभागीचे 80 अक्षरांचे नामपत्र वाचू जाते, तर तेही बिनचूक जुन्याच नमुन्याचे! काम संपल्यावर फीत मागे गुंडाळण्याचा आदेशही रीतसर येतो. गुंडाळण्याजोगे काहीच नसल्यामुळे डिस्कवरील वाचनाची खूण तेवढी आरंभी सरकते.

त्यानंतर आभासी फितीची नक्कल खऱ्या कार्ट्रिजवर उतरते, आणि तेथे अशा कित्येक फिती एकीमागून एक ठासून भरल्या जातात. डिस्कवर जागेची टंचाई झाली, म्हणजे जिची विचारणा फार दिवसांत झालेली नाही तिची डिस्कवरील प्रत निकालात निघते. पुढे तिची मागणी आलीच, तर मात्र खऱ्या कार्ट्रिजपर्यंत जावे लागून खोळंबा होतो. मुदती संपत जातात तसतशी भरलेल्या कार्ट्रिजला भोके पडतात, आणि फितीच्या मध्येच नवा मजकूर घालता येत नसल्यामुळे, जिवंत उरलेला भाग दुसरीकडे हलवून पहिली कार्ट्रिज मोकळी करण्याचे काम यंत्राला पाठीमागे सतत करावे लागते. या साऱ्याचा आधार म्हणजे फेरिस्त: कोणती फीत कोणत्या कार्ट्रिजवर कोठे आहे, ही नोंद गहाळ झाली तर मजकूर शाबूत असूनही असून नसल्यासारखा, म्हणून फेरिस्तीचीही नक्कल राखतात.

खरी कार्ट्रिज मुळीच न ठेवणारी, केवळ डिस्कवर चालणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांच्या वेगाला नाव ठेवता येणार नाही. परंतु सदैव जोडलेल्या डिस्कवर शिरकाव केलेला चोर हात फिरवू शकतो, आणि यंत्राबाहेर मांडणीवर असलेल्या कार्ट्रिजपर्यंत त्याची मजल जात नाही. 2023 साली आयबीएमने एकाच कार्ट्रिजवर 50 टेराबाइट मावतील असे फीतयंत्र आणले, म्हणजे ही विद्या जुनाट झाली असेही नव्हे. ज्या संस्थेवर लोकांच्या दप्तराची जबाबदारी आहे, तिने आभासी फितीची सोय खुशाल घ्यावी, पण खऱ्या फिती मोडीत काढू नयेत.