स्मृतिभ्रंश-शुश्रूषेचा समन्वय व अंकीय साधने

स्मृती, भाषा, विचार व निर्णयशक्ती यांचा उत्तरोत्तर ऱ्हास होऊन दैनंदिन व्यवहारांत दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते, अशा लक्षणसमूहास स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर विकार हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होय. तो पूर्ण बरा करणारा उपचार उपलब्ध नसल्याने दीर्घकालीन शुश्रूषेस विशेष महत्त्व येते. रुग्णाचे कुटुंब, आशा कार्यकर्ती, वैद्य व तज्ञ यांच्या कामांची सांगड घालणे म्हणजे शुश्रूषेचा समन्वय. दूरध्वनी-मार्गदर्शन, दूरवैद्यक सेवा व अंकीय आरोग्य-नोंदी ही त्याची आधुनिक साधने आहेत.

व्याप्ती : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी सु. ७.४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशग्रस्त असाव्यात. स्त्रियांत, ग्रामीण भागात व शिक्षणापासून वंचित राहिलेल्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

पालघर जिल्ह्याच्या (स्थापना २०१४) जव्हार तालुक्यातील दाभोसा हे गाव तेथील धबधब्यामुळे प्रसिद्ध आहे. जव्हार व मोखाडा या तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या जमातींची वस्ती डोंगराळ मुलखातील विखुरलेल्या पाड्यांवर आहे. भाताचा हंगाम संपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात. वृद्ध मंडळी मागे राहतात. विसरभोळेपणा हा वार्धक्याचाच भाग मानला गेल्यास विकार लक्षात येत नाही, आणि लक्षात आला तरी घरी शुश्रूषेस धडधाकट माणूस नसते. अशा प्रदेशात समन्वयाची गरज सर्वाधिक, तर त्याची साधने सर्वांत तुटपुंजी असतात.

गोव्यातील प्रयोग : संगथ या संस्थेच्या सहभागाने गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांवर केलेल्या नियंत्रित चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित स्थानिक गृहसल्लागार घरोघरी जाऊन कुटुंबास माहिती व आधार देत. गरजेप्रमाणे मनोविकारतज्ञाचे साहाय्य मिळे. सहा महिन्यांनंतर शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे व त्यांना जाणवणारा त्रास कमी झाल्याचे दिसून आले. समन्वयाचा गाभा यंत्र नसून प्रशिक्षित माणूस आहे, असे यावरून म्हणता येईल.

उपलब्ध साधने : आशा कार्यकर्ती असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी जो अर्ज भरतात, त्यात ज्येष्ठांना जवळच्यांची नावे वा घराचा पत्ता विसरतो का, असा प्रश्न आहे. येथून पुढे समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने ई-संजीवनी (२०१९) द्वारा वैद्याशी संपर्क साधणे, आयुष्मान भारत अंकीय अभियानाच्या (२०२१) आरोग्य क्रमांकाखाली नोंद ठेवणे व टेलि-मानस (२०२२) या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कुटुंबाने मराठीतून सल्ला घेणे शक्य आहे. तथापि हे दुवे आपोआप जुळत नाहीत. अर्जातील ‘होय’ या उत्तराचा पाठपुरावा करणारी व्यक्ती नसेल, तर नोंद नुसतीच साठून राहते.

अर्थसाहाय्य : साधनांवरील खर्चाचे दोन भाग पडतात. उपकरणे व संगणकप्रणाली यांचा भांडवली खर्च एकदाच करावा लागतो. वेतन, प्रशिक्षण, दुरुस्ती व जोडणी यांचा आवर्ती खर्च मात्र दरवर्षी येतो. पहिल्यासाठी निधी मिळणे तुलनेने सोपे असते, दुसरा दुर्लक्षिला जातो. त्याचे परिणाम २०२१ मध्ये महाराष्ट्रात दिसले : जुने पडलेले भ्रमणध्वनी व इंग्रजीतील पोषण ट्रॅकर यांना कंटाळून अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले संच परत करण्याचे आंदोलन केले.

राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम (२०१०-११) व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम (१९९६) यांत वृद्धांची व मनोरुग्णांची सेवा अंतर्भूत आहे. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना लागू झालेले वार्षिक ५ लाख रुपयांचे आयुष्मान संरक्षण मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. घरातील शुश्रूषेचा भार कुटुंबावरच राहतो. अमेरिकेत याउलट जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या आठ वर्षांच्या शासकीय प्रयोगात समन्वयासाठीच प्रतिरुग्ण मासिक रक्कम दिली जाते. प्रत्येक कुटुंबास मार्गदर्शक, अहोरात्र दूरध्वनी-साहाय्य व पात्र कुटुंबांना शुश्रूषेतून तात्पुरती विश्रांती यांची सोय त्यात आहे.

मर्यादा : संमती देण्याची क्षमता क्षीण झालेल्या व्यक्तीच्या माहितीचे रक्षण हा नाजूक प्रश्न आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार सज्ञान व्यक्तीला पूर्वनिर्देश लिहून ठेवता येतो व आपला प्रतिनिधी नेमता येतो. या तरतुदीचा लाभ विकाराच्या आरंभीच घेणे इष्ट ठरते. डोंगराळ भागात जोडणी खंडित झाली तरी नोंद टिकेल, सूचना बोलीभाषेत ऐकता येतील आणि स्थलांतरित मुलास दूरवरूनही आईवडिलांची स्थिती कळेल, अशी साधनेच दाभोशासारख्या गावी उपयोगी पडतील. त्यांवरील खर्चात आशा कार्यकर्तीच्या वाढलेल्या कामाचा मोबदला धरला नाही, तर ती टिकणार नाहीत.