गाडीखालचा कचरा

आमची गल्ली झाडणाऱ्या मावशींनी पिशवीतून एक पोलादी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. वीतभर लांब, काडीइतकी अरुंद, एका टोकाला घासून चकचकीत झालेली. "मशीनच्या ब्रशाचा हीर आहे हा," त्या म्हणाल्या. "मोठ्या रस्त्यावर रोज दोन-चार सापडतात. कुणाच्या टायरात घुसायला नको, म्हणून उचलते." नारळाच्या हिरांचा खराटा स्वतः बांधणाऱ्या बाईला त्या पट्टीला दुसरं नाव सुचलंच नाही. ती पट्टी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांच्यामागे निघाले.

पुण्यातल्या आमच्या भागात मोठा रस्ता आता यंत्र झाडतं. गाडीच्या दोन्ही अंगांना गरगरणारे ब्रश, पाण्याचे बारीक फवारे आणि पोटाखाली धूळ ओढून घेणारी सोंड. गाडी पुढे गेली की पहिल्या पावसासारखा ओल्या मातीचा वास येतो. २०१९ साली केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून रस्त्यावरची धूळ हा शहरांच्या चिंतेचा विषय झाला आणि अशा गाड्यांसाठी पैसाही आला. कारण खरं आहे. दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. ते खराट्याने गोळा होत नाहीत, उडतात आणि झाडणारीच्याच छातीत जातात. मावशींच्या तोंडाला साडीचा पदर असतो, तेवढाच.

यंत्र आल्याचं त्यांना दुःख नाही. सात वर्षं त्यांनी उड्डाणपूल झाडलाय. "मागून गाडी आली की आधी वारा लागतो, मग आवाज येतो. तेवढ्यात कठड्याला चिकटायचं," हे सांगताना त्यांची पाठ आपोआप ताठ झाली. पूल मशीनला द्यावा, असं त्या म्हणतात. मलाही तसंच वाटतं. भरधाव गाड्यांमध्ये माणसाला खराटा घेऊन उभं करणं मुळातच चूक होतं.

आता मुकादम म्हणतात, गल्लीतही मशीन येणार. गल्लीत रस्त्याकडेला उभ्या असतात एकशे बारा गाड्या. हा आकडा मावशींचा, रोजच्या मोजणीतला. यंत्राला गाडीला वळसा घालून जावं लागतं आणि कचरा तर नेमका गाडीखाली, फुटपाथच्या कडेला साठतो. मावशी उकिडव्या बसतात, खराटा आडवा धरून गाडीखाली सरकवतात आणि पानं, गुटख्याच्या पुड्या, कुणीतरी गाठ मारून फेकलेली ओली पिशवी बाहेर ओढतात. त्या पिशवीचा आंबूस वास दुपारपर्यंत माझ्या नाकातून गेला नाही. पुढे पावसाळी गटाराच्या जाळीत अडकलेली वडाची पानं त्यांनी बोटांनी एकेक करून काढली. जुलैत आपल्या दारात पाणी तुंबत नाही, ते या बोटांमुळे.

मावशी कंत्राटी आहेत. त्यांच्या सासूबाई कायम होत्या. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे त्यांच्या जागी वारस म्हणून दीर लागले. कंत्राटी बाईला असा वारसा नाही. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं लढला, तेव्हा २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. पण असा लढा किती जणींना झेपणार? कंत्राटी माणसाला कुणी कामावरून काढत नाही. नव्या कंत्राटात त्याचं नाव नसतं, एवढंच. यंत्र आलं की हे नाव गाळणं फार सोपं होतं, आणि माझा राग त्यावर आहे.

यंत्रं जरूर घ्यावीत. पुलांसाठी, महामार्गांसाठी, दुभाजकांसाठी. तिथून सुटलेल्या बायका मात्र गल्ल्यांमध्ये आणाव्यात, हातमोजे आणि धड मास्क देऊन, नावानिशी.

साडेदहाला गल्ली संपली तेव्हा एकशे बारापैकी फार थोड्या गाड्या हलल्या होत्या. "लिहिणार असाल तर एवढं लिहा ताई," मावशी म्हणाल्या, "एक दिवस या अंगाला गाड्या लावा, एक दिवस त्या अंगाला." त्यांचं मागणं एवढंच आहे. उद्या सकाळपासून ते आपल्याला पाळता येईल.