पॅलाटिनो : टाकाच्या टोकातून उतरलेले अक्षर

इंग्रजी पुस्तकाचे एखादे पान पॅलाटिनो या टंकात छापलेले असेल, तर त्यातला एकच 'ओ' भिंगाखाली धरून पाहावा. हा गोल कंपासने काढलेला नाही, हे लगेच कळते. वर डावीकडे आणि खाली उजवीकडे त्याची रेघ बारीक होते, तर उरलेल्या दोन बाजूंना ती भरते. रुंद टोकाचा टाक तिरका धरून गोल काढला की शाई अशीच उमटते. अक्षर शिशाचे असो वा संगणकाचे, त्यात हाताचे वळण टिकून आहे.

बोरूने कित्ता गिरवलेल्यांना यात नवल वाटणार नाही. देवनागरीतही जाड-बारीक रेघेचे सौंदर्य टोकाच्या तिरक्या छेदातूनच येते, फक्त कल उलटा असतो. रोमन लिपीत जी तिरपी रेघ बारीक येते, ती देवनागरीत जाड पडते. लिपी वेगळी, पण न्याय तोच.

पॅलाटिनो घडवणारे हर्मन झाप्फ 1918 साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात जन्मले. त्यांना विद्युत अभियंता व्हायचे होते. पण वडील कामगार संघटनेत होते आणि 1933 मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर त्यांच्यावर राजवटीची खप्पामर्जी झाली. मुलाच्या उच्च शिक्षणाचा मार्गच खुंटला. पुढच्या वर्षी तो छायाचित्रांचे रिटचिंग शिकायला उमेदवार म्हणून लागला. 1935 मध्ये न्यूरेंबर्गमध्ये रुडॉल्फ कोख या दिवंगत अक्षरकाराच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि झाप्फ यांना आपली वाट सापडली. कोख यांचे एक आणि इंग्लंडच्या एडवर्ड जॉन्स्टन यांचे एक, अशी दोन पुस्तके समोर ठेवून ते घरीच सराव करू लागले. ही एकलव्याची साधना होती. समोर गुरू नव्हता, पण हात रोज चालत होता.

युद्धात त्यांनी सैन्यासाठी नकाशे रेखाटले. युद्धानंतर ते फ्रँकफर्टच्या श्टेम्पेल या टाइप फाउंड्रीत कलाविभागाचे प्रमुख झाले आणि 1950 च्या सुमारास तिथूनच पॅलाटिनो बाजारात आला. झाप्फ यांनी काढलेली अक्षरे ऑगस्ट रोझेनबर्गर या निष्णात कारागिराने धातूत कोरली. नाव घेतले ते सोळाव्या शतकातल्या जांबातिस्ता पालातिनो या इटालियन लेखनगुरूचे.

त्या काळी जर्मनीत कागद हलक्या प्रतीचा मिळत असे. अशा कागदावर शाई पसरते, नाजूक रेघा फुटतात आणि अक्षरांची पोटे बुजतात. म्हणून झाप्फ यांनी रेघा दणकट आणि अक्षरांच्या आतल्या जागा मोकळ्या ठेवल्या. डौल आणि टिकाऊपणा एकाच अक्षरात साधणे फार थोड्यांना जमते. झाप्फ यांना ते जमले.

अक्षराच्या टोकांना जे छोटे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. पॅलाटिनोचे सेरिफ निरखण्यासारखे आहेत. लहान लिपीतल्या 'एन'च्या उजव्या पायाला सेरिफ फक्त बाहेरच्या बाजूला आहे, जणू टाक उचलता उचलता थोडा पुढे सरकला. मोठ्या लिपीतल्या 'पी'चे पोट खांबाला पुरते जुळत नाही, मध्ये फट राहते. ती फट म्हणजे लेखणीने घेतलेला श्वास आहे. पानभर मजकूर जिवंत वाटतो तो अशा बारकाव्यांमुळे.

खरे तर झाप्फ यांनी हा टंक मुख्यतः शीर्षकांसाठी आणि जाहिरातींसारख्या किरकोळ छपाईसाठी योजला होता. पुस्तकांच्या मजकुरासाठी त्यांनी 1954 मध्ये आल्डस हा थोडा अरुंद, हलका टंक दिला. मुद्रकांनी मात्र पुस्तकेही पॅलाटिनोतच छापली. 1986 मध्ये ॲपलच्या लेझररायटर प्लस प्रिंटरमधल्या 35 फॉन्टांत त्याला जागा मिळाली आणि तो कचेऱ्यांच्या टेबलांवर पोहोचला.

लोकप्रियतेमागोमाग नक्कल आली. मोनोटाइप कंपनीचा बुक अँटिक्वा हा फॉन्ट पॅलाटिनोशी इतका मिळताजुळता होता की, अशा नकलेविरुद्ध टंककारांची आंतरराष्ट्रीय संघटना पुरेशी उभी राहत नाही म्हणून झाप्फ यांनी 1993 मध्ये तिचा राजीनामा दिला. अमेरिकेत अक्षराच्या आकाराला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळत नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीची नक्कल तिथे सहज खपते. पुढे विंडोज 2000 बरोबर पॅलाटिनो लायनोटाइप ही त्यांच्या देखरेखीखालची आवृत्ती आली. झाप्फ 2015 मध्ये वारले.

हा टंक वापरणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याची अक्षरे रुंद असल्याने मजकूर जास्त जागा घेतो. ओळींत पुरेसे अंतर सोडावे आणि अक्षरे दाटीवाटीने बसवू नयेत. प्रबंध, कवितासंग्रह, निमंत्रणपत्रिका, स्मरणिका यांना तो शोभतो. दुरून वाचायच्या फलकासाठी साधा, बिनसेरिफचा टंक बरा. पॅलाटिनोत देवनागरी नाही, त्यामुळे मराठी-इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी असेल तर बोरूच्या वळणाचा देवनागरी फॉन्ट निवडावा. गुळगुळीत, एकसारख्या जाडीची देवनागरी त्याच्या शेजारी परकी दिसते. आणि कोणताही टंक वापरताना तो परवान्यासह घ्यावा. त्यामागच्या हाताची कमाई त्याला मिळायलाच हवी.