हाताला कळते ती माती, कार्डावर दिसते ती माती

“जमीन आता पहिल्यासारखी राह्यली नाही बाई!” रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कुठल्याही बांधीत उतरा, हे वाक्य कानावर पडतंच. कुणी म्हणतं, युरियाने जमीन जळली. कुणी म्हणतं, घरची गुरं गेली तशी मातीतली गांडुळंही गेली. कन्हार, मोरांड, सिहार, बरडी ही मातीची नावं आपल्या आज्यांना पाठ होती, तीही हाताच्या अनुभवावरून.

२०१५ पासून याच मातीचं सरकारी कार्डही मिळू लागलं. त्याला म्हणतात मृदा आरोग्य पत्रिका. त्यात १२ तपासण्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म द्रव्यं. मग खरं कुणाचं? आपलं की कार्डाचं?

शेणखताच्या बाबतीत दोघांचं एकच म्हणणं आहे. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली आला की प्रयोगशाळा ‘कमी’ असा शेरा मारते. आपण त्यालाच म्हणतो, जमिनीत दम राह्यला नाही.

पण ढेकळं फुटत नाहीत, याला एकटा युरिया जबाबदार नाही. वर्षानुवर्षं चिखलणी केली की मातीची घडण मोडते आणि खाली कडक थर बसतो. धानाला तो बरा, पाणी धरून ठेवतो. पण धानानंतरच्या हरभऱ्याची मुळं तिथेच अडतात. युरियाचा दोष वेगळा. नुसता तोच टाकत राह्यलं तर बाकीच्या द्रव्यांची उणीव तशीच राहते.

दुसरी चूक पानांवरून होते. धानाची पानं गंजल्यासारखी तांबूस झाली की आपण रोग समजून फवारणीला धावतो. पण ‘खैरा’ हा जस्ताच्या कमतरतेने होतो, हे डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिलं. तिथे फवाऱ्याचे पैसे वायाच!

कार्डालाही सगळं कळत नाही हं. गांडुळं, ढेकळांचा कडकपणा, पाणी किती दिवस टिकतं, हे त्यात नसतं. ते तुमच्या हातापायांना ठाऊक असतं. म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्यांना तेही सांगा.

नमुना असा घ्या: धान कापल्यावर, खत टाकण्याआधी, आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा वीतभर खड्डा करा. त्याच्या कडेची माती घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा. तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याजवळची माती नको. खताची रिकामी पिशवीही नको. वरची आणि खालची बांधी वेगळी ठेवा.

सातबारावर नाव बहुधा घरच्या पुरुषाचं, म्हणून कार्डही त्याच्याच नावाने येतं. पण चिखलात दिवसभर वाकते ती बाई. तेव्हा मैत्रिणींनो, कार्ड आलं की कपाटात जाऊ देऊ नका. घरातल्या शिकलेल्या लेकीला ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि पुढच्या हंगामात खत आणायच्या आधी आपलं म्हणणं मांडा.