गावची हकीकत आणि सरकारचे धोरण

कायदा झाला की काम झाले, असे आपल्याला सहज वाटते. पण कायदा गावापर्यंत पोचला की नाही, हे कोणी पाहायचे?

कूळकायद्याचेच उदाहरण घ्या. मुंबई राज्याने १९४८ साली तो केला. मालकाच्या मनात आले म्हणून कुळाला जमीन सोडावी लागू नये, हा त्याचा हेतू. पुढे पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी खुदानपूर यांनी या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली. त्यांचा अहवाल १९५७ साली निघाला. कुळांनी आपण होऊन जमिनी सोडल्याचे पुष्कळ राजीनामे त्यांना आढळले. आता, ज्याचे पोट त्या जमिनीवर, तो ती राजीखुशीने कशी सोडील? कायदा दप्तरात होता. गावात मालकाचा शब्दच चालत होता. नुसते दप्तर पाहिले असते, तर सारे कायदेशीर दिसले असते.

असे तपासून पाहणे म्हणजेच धोरणाचे संशोधन. सरकारने काय ठरवले, त्यातून प्रत्यक्षात काय घडले आणि कोणाच्या पदरात काय पडले, हे तीन प्रश्न ते विचारते.

ही संस्था १९३० साली निघाली. रावबहादूर काळे यांनी गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला देणगी दिली, तिच्यातून ती उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तेव्हा त्यांचे वय तिशीच्याही आत होते. पुढे १९६६ पर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. ग्रंथालयाइतकेच गावोगाव हिंडण्याचेही महत्त्व त्यांनी संशोधकांच्या मनावर ठसवले.

गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची पाहणी हे त्या रीतीचे फळ. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याचा फायदा किती? पाणीपट्टी किती जमली ते पाहा, असे हिशेबनीस म्हणेल. गाडगिळांनी हिशेब मोठा केला. मजुराला काम किती मिळाले, बाजारपेठ किती वाढली, हेही त्यात धरायला हवे की नाही? पुढे त्याच प्रवरेच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील आणि शेतकरी मंडळींनी सहकारी साखर कारखाना काढला, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच झाले. पाहणी करणारा माणूस शेतकऱ्यांच्या शेजारी जाऊन बसला!

दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ सालचा. माणसाला रोज सुमारे २२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न घ्यायचे, तर त्या राहणीला खर्च किती लागतो, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या हिशेबाने १९६०–६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोकांना तेवढाही खर्च झेपत नव्हता. त्यावर त्यांनी सुचवलेला मुख्य उपाय असा, की खेड्यांत सार्वजनिक कामे काढून हाताला काम द्यावे. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आली आणि १९७७ साली तिचा कायदाही झाला, तो याच काळात.

पण हा आकडा सर्वांनी मान डोलावून मान्य केला, असे समजू नका. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. एकाच माणसाची अन्नाची गरज रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते. तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण अर्धपोटी धरला, तर आकडा फुगतो, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांचे उत्तर असे, की दारिद्र्य आणि कुपोषण या दोन गोष्टी एक नव्हेत. त्यांची मापेही वेगळी. हा वाद छापून झाला, सर्वांसमक्ष झाला. आणि वाद शब्दांचा नव्हता. रेघ थोडी खाली सरकली, तर लाखो घरे कागदावरून गरीब म्हणून पुसली जातात.

विद्वानांची वस्ती अशा वादांवरच जगते. या संस्थेत ही रीत जुनी आहे. १९३९ च्या जानेवारीत तिच्या वार्षिक समारंभात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे भाषण झाले. १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना स्वातंत्र्याच्या आड कशी येते, हे त्यांनी तेथे परखडपणे मांडले. भिन्न मतांच्या माणसाला बोलावून त्याचे सारे ऐकून घेणे, हा संशोधनाचाच भाग आहे.

१९९३ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे शिकणाऱ्या मुलांना गणिताची सूत्रे आता संगणक पटापट सोडवून देतो. पण कुळाने जमीन का सोडली, हे त्याच्याच ओसरीवर बसून विचारावे लागते, आणि त्याने खरे सांगावे एवढा विश्वास मिळवावा लागतो.

म्हणून कधी कोणी वही घेऊन आपल्या दारी आला, घरात माणसे किती, काम किती दिवस मिळाले असे विचारू लागला, तर त्याला थोडा वेळ द्या आणि खरे तेच सांगा. धोरण चुकले तर ते कळण्याची वाट आपल्या उंबऱ्यावरूनच जाते.