मुठेतले मासे मोजणारी माणसं

ताडीवाला रोड असो, पाटील इस्टेट असो की दांडेकर पूल, नदीकाठच्या आपल्या घरांना नदी ठाऊक आहे ती वासावरून, डासांवरून आणि पावसाळ्यात दाराशी येणाऱ्या पाण्यावरून. याच नदीत जाळं टाकून मासे मोजणारे, वही भरणारे शास्त्रज्ञही पुण्यात आहेत. पाणी, गाळ, शेवाळ, किडे, मासे, पक्षी यांचा एकमेकांवर चालणारा संसार ते अभ्यासतात. त्याला परिसंस्थाशास्त्र म्हणतात. हा अभ्यास आपल्या तब्येतीशी थेट जोडलेला आहे.

पुण्यातलं असं एक नाव म्हणजे डॉ. नीलेश डहाणूकर. आयसर या संस्थेत त्यांनी संशोधन केलं. त्याआधीच, २००१ आणि २००३ साली, संजय खरात, रूपेश राऊत यांच्यासोबत त्यांनी पुणे परिसरातल्या माशांवर निबंध लिहिले. पद्धत साधी, पण चिकाटीची. जुन्या याद्या काढायच्या, त्याच पाण्यात पुन्हा जाळं टाकायचं आणि कोण उरलं, कोण गेलं हे पाहायचं. जुन्या याद्या होत्या म्हणून हे जमलं. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. ‘खुद्री’, ‘कोलूस’ ही इथल्या लोकांच्या तोंडची नावं त्याने थेट शास्त्रीय नावांत घातली. पुस्तकात नाव साईक्सचं राहिलं, मासा ओळखून देणाऱ्यांची नावं कुठेच नाहीत. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. जगाला त्याची शास्त्रीय ओळख झाली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. आज शहरातल्या मुठेत महसीर शोधून पाहा!

मासे जातात ते मुख्यतः श्वास कोंडून. मैलापाणी नदीत आलं की ते कुजवणारे जीवाणू पाण्यात विरलेला प्राणवायू संपवतात. माशांना जगायला लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. तो नसेल तर उरतात चिलापीसारखे बाहेरून आणलेले चिवट मासे, आणि गप्पी.

गप्पी आपल्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून हौदात, डबक्यात सोडतात. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बंद हौदात त्याचा उपयोग आहे, पण ओढ्यात किंवा नदीत तो सोडू नये. तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लंही तो खातो आणि त्यांची जागा घेतो. आपल्या ओढ्यांतले कितीतरी छोटे देशी मासे पूर्वीपासून अळ्या खात आले आहेत. ते मेले की डासांचा एक शत्रू कमी झाला.

डेंगीचा डास मात्र नदीत वाढत नाही, तो घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये वाढतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं. नुसतं ओतून चालत नाही, आतल्या कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. गटारातल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. त्याच्यासाठी तुंबलेलं गटार वाहतं करायला हवं, आणि ते काम महापालिकेकडून मागून घ्यायचं आहे.

२०१९ साली डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या एका अजब माशाची नोंद केली. मरळीचा हा लांबचा नातलग जमिनीखालच्या पाण्यात राहतो. पुराच्या पाण्याबरोबर वर आला म्हणून दिसला. विहिरीचं पाणी म्हणजे नुसता साठा नव्हे, खाली सगळं जोडलेलं असतं. वर मैला मुरला तर तो तिथेही पोहोचतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा अनेकांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. दूषित अन्नपाण्यातून तो पसरतो. पाणी स्वच्छ दिसतं किंवा त्यात मासे फिरतात, म्हणून ते पिण्याजोगं ठरत नाही. शंका असेल तेव्हा खळखळून उकळावं, झाकून ठेवावं, ओगराळ्याने घ्यावं. जुलाबानंतर हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा वाटला तर वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठावा.

घरात कोणी बारावी विज्ञानाला असेल तर हेही सांगा. आयसरला जायला वेगळी प्रवेश परीक्षा असते आणि तिथे अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. करून विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला जाण्याचीही वाट आहे. नदीकाठी वाढलेल्या मुलाला पाणी कधी चढतं, कुठल्या नाल्यातून काय येतं हे आधीच ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या संशोधकाला तेवढं कळायला दोन पावसाळे जातात.